टक्केबाब

टक्केबाबांना आपण कुठली गोळी घेतो ते खुशाल सांगावं. ती केवढ्याला घेतली ते मात्र सांगू नये. रोगाचं नाव ऐकून ते नुसते हळहळतात. किंमत ऐकली की त्यांच्या काळजाला घरं पडतात. “साखळीच्या बाजारातल्या फार्मासीत? छापील किमतीला?” एवढं विचारून ते तोंडाने चक् करतात आणि सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढतात. पुढचा अर्धा तास मग आपला नसतो.

त्यांचं खरं नाव इथे नको. एक तर ते आमच्या पाळी गावात आता कोणाच्या लक्षात नाही, आणि दुसरं म्हणजे असा माणूस एकच नसतो. गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात वाड्यामागे एक टक्केबाब आहे. पेडण्यात आहे, सावंतवाडीत आहे, पुण्याच्या सोसायट्यांत तर मजल्यामागे एक आहे. आमचे निराळे एवढ्यासाठीच की टक्क्याची त्यांची तालीम खाणीवर झाली.

खाणीवर ते सॅम्पलिंगला होते. मालाचा ढीग करायचा, ढिगाचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला सारायचे, उरलेल्याचे पुन्हा चार. असं करत करत शेवटी जी मूठभर माती राहील ती डब्यात भरून, चिकटपट्टी लावून प्रयोगशाळेत पाठवायची. माती किती आहे याला कोणी विचारत नसे. तीत लोह किती टक्के आहे ते विचारत. शेवटच्या काही वर्षांत तर अठ्ठावन्नच्या वर की खाली, यावर निर्यातकर लागणार की नाही ते ठरे, आणि त्यावर मालकाचा त्या दिवसाचा चेहरा. सगळी नोकरी टक्क्यात गेलेल्या माणसाला जगात दुसरं माप उरत नाही. लग्नाला माणसं किती आली म्हणून विचारलं, तर टक्केबाब ‘पत्रिकांच्या सत्तर टक्के’ असं सांगतात. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद पडल्या. मध्यंतरी थोड्या हलल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८मध्ये पुन्हा थांबल्या. रस्त्यावरची तांबडी धूळ खाली बसली, दारातले ट्रक गंजत बसले, टक्केबाबही घरी बसले. डोक्यातला टक्का तेवढा बसेना. त्याला नवं खनिज हवं होतं.

ते सापडलं २०२०च्या टाळेबंदीत. गोव्यात त्या पहिल्या दिवसांत किराणासुद्धा मिळेना. कदंबची बस नाही, साखळीला जायची सोय नाही, आणि घराघरांतल्या रक्तदाबाच्या गोळ्या तर कमी कमी होत चाललेल्या. २६ मार्चला केंद्र सरकारने अधिसूचना काढली की परवानाधारक दुकानदाराने औषध घरपोच द्यायला हरकत नाही, चिठ्ठी ईमेलने आली तरी चालेल. पुण्याच्या भाच्याने फोनवरून शिकवून शिकवून टक्केबाबांकडून ॲप उतरवून घेतलं. रस्ते मोकळे झाल्यावर पहिलं खोकं आलं. त्यात गोळ्या होत्या, हवेच्या पिशव्या होत्या आणि बिलाच्या तळाशी हिरव्या अक्षरांत एक ओळ होती: आपण या खरेदीत इतके रुपये वाचवलेत. शेजारी कंसात बावीस टक्के. खाणीवर उभा जन्म गेला, पण टक्केबाबांना असं कोणी कधी लिहून दिलं नव्हतं. ते बिल त्यांनी देवघराच्या कपाटात ठेवलं.

अधिसूचनेतली एक ओळ त्यांनी वाचली नाही, किंवा वाचून सोडून दिली. घरपोच द्यायचं ते दुकानाच्या त्याच महसुली जिल्ह्यात. खोकं भिवंडीहून आलं होतं.

तेव्हापासून वाड्यावरच्या सगळ्यांची वखदं टक्केबाबांच्या मोबाइलवरून येतात. महिनाअखेर जवळ आली की लोक त्यांच्या सोप्यावर येऊन बसतात. गोळीचं नाव कोणालाच येत नाही. जो तो रिकाम्या पट्टीचा तुकडा कमरेला लावून येतो, आणि तो तुकडा नेमका नावाच्या मधोमध कापलेला असतो. एकाकडे ‘सार्टन ४०’ उरलेलं असतं, दुसऱ्याकडे नुसतं ‘टेल्मि’. तिसऱ्याच्या तुकड्यावर एक्सपायरीची तारीख तेवढी शाबूत. टक्केबाब भिंग काढतात, तुकडे सोप्याच्या कठड्यावर मांडतात, एकमेकांना जुळवून पाहतात, आणि बहुतेक वेळा बरोबर नावाला पोचतात. त्यांची ही विद्या मी पाहिली आहे आणि तिला नावं ठेवायची माझी छाती नाही.

चिठ्ठीचं मात्र वेगळं. चिठ्ठी त्यांच्याकडे एकच आहे. डिचोलीच्या एका डॉक्टरांची, जे दवाखाना बंद करून केव्हाच मुलाकडे राहायला गेले. ती फाटायला लागली तेव्हा टक्केबाबांनी ती लॅमिनेट करून घेतली. तारीख घडीत गेली आहे, रोग्याच्या नावावर चहाचा डाग आहे, अक्षर डॉक्टरांचंच असल्यामुळे कोणालाही काहीही वाचता येतं. वाड्यावरच्या सगळ्या रक्तदाबांना, सगळ्या साखरांना आणि एका थायरॉइडला ही एकच चिठ्ठी पुरते. फोटो चढवला की पडद्यावर ‘तपासणी चालू आहे’ असं येतं, एक चक्र फिरतं, आणि मग हिरवी खूण. एकदा घाईत चिठ्ठीऐवजी वीजबिलाचा फोटो गेला आणि तोही पास झाला, असं ते सांगतात. मी पाहिलेलं नाही. पण ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान असतो त्यावरून खरं असावं.

चिठ्ठी मुळीच लागू पडत नसेल तर डॉक्टरचाच फोन येतो. तीही सोय २०२०च्या मार्चमधलीच. दूरवरून रोगी तपासण्याचे मार्गदर्शक नियम केंद्राने तेव्हा काढले. डॉक्टरने आधी समोरच्याची ओळख पटवून घ्यावी, वय विचारावं, फोनवर भागणार नाही असं वाटलं तर प्रत्यक्ष भेटायला सांगावं, असं त्यात सगळं रीतसर लिहिलेलं आहे. एका संध्याकाळी असा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. गोळ्या वरच्या वाड्यावरच्या माईच्या होत्या. माई खांबाला टेकून सुपात आमसुलं निवडत होती.

“माताजी से बात कराइए,” पलीकडून तरुण आवाज आला.

“माताजी को कम सुनता है. तीस टक्के,” टक्केबाब म्हणाले. “मेरे को पूछो.”

“उम्र?”

टक्केबाबांनी माईकडे पाहिलं. “गोवा सुटला तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते,” माई म्हणाली. टक्केबाबांनी तोंडी हिशेब केला. “सेवंटी.”

“चक्कर आती है क्या?”

“माई, भोवळ येते तुला?”

“तुझी ही झडती ऐकून येते रे बाबा.”

“नहीं आती,” टक्केबाबांनी कळवलं.

“बीपी लास्ट कब चेक किया?”

“चवथीला,” माई म्हणाली.

“फोर्थ को,” टक्केबाब म्हणाले.

डॉक्टर खूश झाले. त्यांना वाटलं, याच महिन्याच्या चार तारखेला. माईची चवथ म्हणजे गणपती. ते पोचवून शिगमा तोंडावर आला होता. व्हेरी गुड म्हणून फोन बंद झाला आणि मिनिटाच्या आत रीतसर नोंदणी क्रमांकाची, सहीची, छापील चिठ्ठी मोबाइलवर आली. तिच्यात वाचता न येण्यासारखं काही नव्हतं म्हणून टक्केबाबांना ती जरा संशयास्पद वाटली.

आता त्यांच्या प्रतिपक्षाकडे वळायला हवं. साखळीच्या बाजारात एक फार्मासी आहे. कुठली ते सांगत नाही. सगळ्या सारख्याच आहेत. भिंतीवर चौकटीत परवाना, फार्मासिस्टचं नोंदणीपत्र, त्यावर पंचवीस वर्षांपूर्वीचा केसाळ फोटो. पांढरा कोट खिळ्याला टांगलेला. तो अंगावर चढला म्हणजे इन्स्पेक्टर पुलाअलीकडे पोचला असं समजावं. ऑनलाइन हा शब्द निघाला की इथल्या फार्मासीवाल्याचा स्वतःचाच रक्तदाब वाढतो. २८ सप्टेंबर २०१८ला देशभरच्या औषधविक्रेत्यांनी ऑनलाइन विक्रीच्या विरोधात बंद पाळला, तेव्हा त्यानेही शटर ओढलं होतं, आणि अर्ध्या उघड्या शटरखालून दिवसभर गोळ्या दिल्या होत्या. माणसं अडतात, करणार काय.

टक्केबाब सोमवारच्या बाजाराला गेले की या काउंटरवर थांबल्याशिवाय परतत नाहीत. विकत काही घेत नाहीत. भाव विचारतात.

“चिठ्ठीशिवाय शेड्यूल एचचं औषध देणं गुन्हा आहे, बाब,” फार्मासीवाला सुरू करतो. “एकोणीसशे चाळीसचा कायदा, पंचेचाळीसचे नियम. औषध द्यायचं ते रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या देखरेखीखाली. एच-वन असेल तर रोग्याचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, सगळं वहीत. वही तीन वर्षं सांभाळायची. शेड्यूल एक्स असेल तर चिठ्ठीच्या दोन प्रती. तुमचा तो मोबाइल काय करतो यातलं?”

हे बोलता बोलता त्याने कात्रीने पट्टीतल्या दोन अँटिबायोटिकच्या गोळ्या कापल्या, कागदात गुंडाळल्या आणि समोरच्या पोराच्या हातात दिल्या. “आवयला सांग, जेवल्यावर. उद्या ताप नाही उतरला तर आणखी दोन ने.” चिठ्ठी पोराकडे नव्हती. एच-वनचा नियम १ मार्च २०१४पासून लागू झाला तो याच गोळ्यांच्या उधळपट्टीला आळा बसावा म्हणून. फार्मासीवाल्याची वही आहे, सुरेख आहे, आणि सबंध महिन्याची एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली आहे.

टक्केबाबांनी ती कात्री पाहिली आणि मिश्या कुरवाळल्या. “चाळीस साली पाळीवर सालाझारचं राज्य होतं. तुझा कायदा आमच्याकडे आला तो मुक्तीनंतर. त्यात ऑनलाइन हा शब्द दाखव मला.”

“नाही ना? मग कोणालाच विकता येत नाही.”

“नाही ना? मग कोणालाही विकता येतं.”

हसू येतं खरं, पण दिल्लीत मोठमोठे वकील कोट घालून गेली कित्येक वर्षं हेच बोलत आहेत. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५मध्ये स्नॅपडीलवर गुन्हा नोंदवला तेव्हा प्रथम गाजावाजा झाला. मग केंद्राने २८ ऑगस्ट २०१८ला नियमांचा मसुदा आणला. ई-फार्मसीने केंद्राकडे नोंदणी करावी, नोंदणीची फी पन्नास हजार, ती तीन वर्षं चालेल, गुंगीची आणि शेड्यूल एक्सची औषधं विकायची नाहीत, रोग्याची माहिती देशाबाहेर न्यायची नाही, आणि कुठल्याही माध्यमातून औषधाची जाहिरात करायची नाही. त्याच वर्षी १२ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्यावाचून चाललेली ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं. पाठोपाठ मद्रास उच्च न्यायालयानेही सांगितलं, आणि तिथल्याच मोठ्या पीठाने ते सांगणं स्थगित केलं. फेब्रुवारी २०२३मध्ये औषध महानियंत्रकांनी वीसेक कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा धाडल्या. कारणं दाखवून झाली असावीत. खोकी चालू आहेत, मसुदा मसुदाच आहे. जाहिरातबंदीही त्याच मसुद्यात झोपलेली असल्यामुळे टक्केबाबांचा मोबाइल सकाळपासून वाजतो. ‘तुमच्या हृदयाची काळजी आम्हाला आहे, आज रात्री बारापर्यंत.’

या सगळ्या कोर्टकचेरीतलं एकच वाक्य टक्केबाबांनी उचललं आणि ते तोंडपाठ केलं. २०१९मध्ये कंपन्यांनी दिल्लीच्या न्यायालयात सांगितलं की आम्ही औषध विकतच नाही, स्विगी जसं जेवण पोचवते तसं आम्ही फक्त पोचवतो, तेव्हा आम्हाला परवाना कशाला? पेपरात हे वाचल्या दिवशी टक्केबाब चहा अर्धा टाकून उठले होते. “बघ, मीसुद्धा विकत नाही,” ते मला म्हणाले, “मी पोचवतो.” आणि खरोखर, सोप्यावर खोकं उघडल्यावर जो विधी होतो तो पाहिला की वाटतं, दिल्लीच्या न्यायालयाने एकदा पाळीला येऊन जावं. गोळ्यांच्या पट्ट्या ओळीने मांडल्या जातात. मग त्या ढिगाचे चार भाग. हा वरच्या वाड्याचा, हा देवळाकडचा, हा गेल्या खेपेला पैसे न दिलेल्यांचा, आणि हा शंकेचा. शंकेच्या भागातल्या पट्ट्या भिंगाखाली जातात. १ ऑगस्ट २०२३पासून जास्त खपाच्या तीनशे ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं, त्यामुळे टक्केबाबांच्या हाती जणू प्रयोगशाळाच आली आहे. ते प्रत्येक चौकोनावर मोबाइल धरतात आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचतात. बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत, कारखान्याचा पत्ता.

एकदा पत्ता आला वेर्णे, गोवा.

सोप्यावर क्षणभर शांतता. गोळी इथल्याच वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जन्मली होती, ट्रकने भिवंडीला गेली होती, तिथून विमानाने की रेल्वेने कोण जाणे परत आली होती, आणि साखळीच्या पोऱ्याने स्कूटरवरून, तीनदा ‘लोकेशन पाठवा’ म्हणून, पाळीत आणून टाकली होती.

“आणि एवढं भाडं जाऊन बावीस टक्के कमी!” टक्केबाब गहिवरून म्हणाले.

हा पत्ता दाखवायला ते मुद्दाम साखळीला गेले. फार्मासीवाल्याने ऐकून घेतलं. “बाब, ज्या औषधांची किंमत सरकार बांधून देतं, त्यात सरकारनेच मला सोळा टक्के दिलेत. बाकीच्यांत वीस. त्यात वीज, भाडं, पोऱ्याचा पगार आणि मुदत संपलेला माल. तो तुम्हाला बावीस देतो म्हणजे कुठून देतो?”

“घाट्यात देतो.”

“आणि घाटा कोण भरतो?”

“परदेशातले शेट.”

“कितें म्हणून भरतील ते?”

टक्केबाबांनी याचं उत्तर दिलं नाही. खाण कोणाच्या पैशावर चालते हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ती चालते आहे तोवर सॅम्पल काढायचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती टक्केबाबांच्या जातीला लागू आहे. साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधं फुकट मिळतात. फुकट म्हणजे हिशेबाने शंभर टक्के सूट. टक्केबाब तिकडे फिरकत नाहीत. मी एकदा छेडलं. म्हणाले, त्यात काय आहे? कूपन नाही, ‘तुम्ही वाचवलेत’ नाही, रात्री बारापर्यंत नाही. रांगेत उभं राहा आणि घ्या. जनऔषधीच्या दुकानावर तर त्यांचा रागच आहे. तिथे छापील किंमतच इतकी कमी असते की कमी करायला काही राहत नाही, आणि ज्या किमतीतून काही कमी होत नाही ती किंमत टक्केबाबांच्या मते फसवी. पैसे वाचावेत अशी त्यांची इच्छा नसते. वाचलेले दिसावेत अशी असते.

मे महिन्यातल्या इन्सुलिनचा किस्सा वाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. त्या दिवशी टक्केबाब लग्नाला गेले होते. पोऱ्याने खोकं सोप्याच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलं, त्याचा फोटो काढला आणि ‘सुपूर्त’ असं नोंदवून गेला. संध्याकाळी बर्फाच्या पिशवीत कोमट पाणी होतं. टक्केबाबांनी ते इन्सुलिन कोणाला दिलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी तक्रार केली, तीन दिवस एका यंत्राशी बोलले, आणि अखेर पैसे परत मिळवले, वर पुढच्या खरेदीवर दहा टक्के. ज्याचं इन्सुलिन होतं तो मात्र दुसऱ्याच दिवशी साखळीच्या फार्मासीत जाऊन, छापील किमतीला, फ्रिजमधून काढलेली बाटली घेऊन आला, आणि महिनाभर टक्केबाबांची नजर चुकवत फिरला.

आणि मग गेल्या पावसाळ्यात माई पडली.

पडली म्हणजे न्हाणीघराच्या दारात भोवळ येऊन बसली ती उठेना. मुलगा उसगावच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला. रिक्षातून तिला साखळीला नेलं, टक्केबाब बरोबर होते. आरोग्य केंद्रात पाहिलं तर रक्तदाब अगदी खाली गेलेला. काय काय औषध चालू आहे, या प्रश्नावर माईने टक्केबाबांकडे बोट केलं आणि टक्केबाबांनी मोबाइलकडे. मोबाइलला त्या दिवशी पावसामुळे रेंज नव्हती. सलाईन लावून, दुपारपर्यंत झोपवून, गोळ्या दाखवल्याशिवाय एकही घेऊ नका असं बजावून तिला सोडलं. मुलाने तोवर घरून तिचा बिस्किटांचा डबा आणला होता. परतताना तो डबा तसाच फार्मासीच्या काउंटरवर ओतला गेला.

फार्मासीवाल्याने चष्मा लावला. पांढरा कोट खिळ्यावरच होता. त्याने एकेक पट्टी काचेवर सरळ करून ठेवली. कॅल्शियम. ॲसिडिटीची. एक नातवाची जंताची. मग दोन पट्ट्या त्याने शेजारी शेजारी धरल्या. एक गोळी पांढरी, गोल. दुसरी लांबट, एका बाजूने गुलाबी. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पाकिटाचे रंग वेगळे. नावांखालच्या बारीक अक्षरावर त्याने नख ठेवलं. दोन्हीकडे तेच, टेल्मिसार्टन ४०. पांढरी त्याच्याच दुकानातली, चवथीच्या सुमाराला नेलेली. गुलाबी भिवंडीची. मूळ ब्रँड संपला होता म्हणून ॲपने ‘समान घटकाची दुसरी गोळी’ धाडली होती. तसं कळवलंही होतं, टक्केबाबांच्या मोबाइलवर, इंग्रजीत, बाम आणि केसांच्या तेलाच्या दोन जाहिरातींच्या मधोमध.

“माई, या दोन्ही घेत होतीस?”

“तर! ही साखळीची सकाळी. ती ऑनलाइनची रात्री. दोन दोतोरांच्या दोन गोळ्या.”

तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पांढरी आणि गुलाबी एकच, हे तिला कोणी सांगायचं होतं? कायदा फार्मासिस्टला काउंटरमागे उभा करतो तो या एका वाक्यासाठी. फार्मासीवाला वर्षानुवर्षं चिठ्ठी न बघता औषध देत आला, कारण माई कोण, तिला काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. पण तिने त्याच्याकडे येणं थांबवलं तेव्हा ते ठाऊक असणंही थांबलं. ॲपने चिठ्ठी मागितली, कारण माई त्याला ठाऊक नव्हती, आणि मिळालेली चिठ्ठी कोणाची आहे ते पाहिलं नाही. नियम दोघांनीही मोडला, एकाने ओळखीपायी, दुसऱ्याने अनोळखीपायी. आणि मधे आमचे टक्केबाब, ज्यांना दोन्हीकडची माणसं आणि दोन्हीकडचे दर माहीत होते, पण घटक वाचायचं सुचलं नव्हतं.

ते त्या दोन पट्ट्यांकडे बघत उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हलक्या आवाजात म्हणाले, “म्हणजे दोनशे टक्के.”

त्यानंतर त्यांनी ॲप काढून टाकलं असं कोणाला वाटत असेल तर त्याने टक्केबाबांना ओळखलं नाही. त्यांनी वही घातली. खाणीवरचं सॅम्पलचं जुनं रजिस्टर, लांबट, कापडी पाठीचं, आतली कोरी पानं शिल्लक असलेलं. रकाने आखले. रोग्याचं नाव, औषधाचं नाव, त्याखालचा बारीक अक्षरातला घटक, मिलिग्रॅम, किती गोळ्या, कुठून आणल्या, डॉक्टर, तारीख. आता पट्टीचा तुकडा घेऊन येणाऱ्याला आधी घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या आणायला लावतात. दोन ठिकाणी एकच घटक दिसला की लाल पेन्सिल. तरण्या पोरांनी विचारलं की हे मोबाइलमध्येच का नाही ठेवत, तर म्हणतात, रेंज. शेजारच्या वाड्यावरच्या एका बाईच्या दोन वेगवेगळ्या वेदनाशामक गोळ्या त्यांनी वहीवरून पकडल्या आणि एक बंद करायचं डॉक्टरांना विचारून यायला तिला पिटाळलं. या कामाचे ते पैसे घेत नाहीत. परवाना तर त्यांच्याकडे नाहीच.

फार्मासीवाल्यालाही त्या दुपारनंतर थोडा धक्का बसला होता. त्याने नेहमीच्या गिऱ्हाइकाला दहा टक्के द्यायला सुरुवात केली. टक्केबाब दर सोमवारी ॲपवरचा दर घेऊन जातात, त्याच्यासमोर धरतात, तो अकरावर येतो, टक्केबाब ‘साडेबारा’ म्हणतात, आणि बारावर सौदा तुटतो किंवा जुळतो. इन्सुलिन आता इथूनच जातं. बाकीचं जिकडे टक्का.

मागच्या सोमवारी ते ही वही बरोबर घेऊन गेले. फार्मासीवाल्याने ती हातात घेतली, पानं चाळली, घटकांच्या रकान्यावरून बोट फिरवत गेला आणि खरोखर चकित झाला. “बाब, माझी एच-वनची वही अशी असती तर इन्स्पेक्टरने मला हार घातला असता. तीन वर्षं जपून ठेवा हं ही.” टक्केबाबांनी छाती किंचित पुढे काढली. तेवढ्यात त्याचं बोट डॉक्टरांच्या रकान्यात थबकलं. माईच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘वरीलप्रमाणे’. वरच्या ओळीतही ‘वरीलप्रमाणे’. त्याने पान मागे उलटलं. ‘वरीलप्रमाणे’, ‘वरीलप्रमाणे’, थायरॉइडसुद्धा ‘वरीलप्रमाणे’. तो मागे मागे जात पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीला पोचला. तिथे डॉक्टरांच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘स्वतः’.

“बाब, हें कितें?”

“ती ओळ माझी,” टक्केबाब म्हणाले. “मी व्हिटॅमिन घेतो. व्हिटॅमिनला चिठ्ठी लागत नाही. नियम वाच जरा.”